सणाला घरी आणलेली डिस्क

माझ्या धंद्यात काम चांगलं झालं की गिऱ्हाईक मला विसरून जातं. वर्ष-वर्ष फोन नाही. बाजारात समोरून गेलो तर "यांना कुठंतरी बघितलंय" असा चेहरा करतात. आणि ज्या दिवशी फोन येतो त्या दिवशी पलीकडचा माणूस एकतर रडत असतो, नाहीतर शिव्या देत असतो. शिव्या देणारा परवडला, त्याचं बहुतेक काही गेलेलं नसतं.

मी ऑफिसांमध्ये डबा बसवतो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आमच्या भिवंडीत ते कोणी घेत नाही. सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ लावणारे, त्याला सर्व्हर म्हणतात. गोदामवाले बॅकअप म्हणतात, जो तो नाही, आणि हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. एका ट्रान्सपोर्टवाल्याची बायको 'तो लुकलुकणारा' म्हणायची. मला ते सगळ्यात आवडायचं.

गोष्ट साधी आहे. ऑफिसात पाच-सहा कॉम्प्युटर असतात, प्रत्येकाच्या पोटात त्याची त्याची कागदपत्रं. एक जण सुट्टीवर गेला की बाकीचे हात चोळत बसतात. म्हणून एका कोपऱ्यात डबा ठेवायचा, त्यात चार डिस्क घालायच्या, वायरने सगळ्यांना जोडायचा आणि सगळ्यांनी आपलं सामान त्यातच ठेवायचं. घरातली कोठीची खोली म्हणा ना. आत कोणी जायचं, कोणी नुसतं दारातून बघायचं, हे मी ठरवून देतो.

चार डिस्क कशाला, असं प्रत्येक शेठ विचारतो. तर सगळा माल चौघींवर असा वाटून ठेवलेला असतो की एक मेली तरी तिघी तिचा भार उचलतात. मी तिरडीचं उदाहरण देतो. चौघांनी खांदा दिलाय, एकाने सोडला तर तिघं कसंबसं नेतात. दोघांनी एकदम सोडला की मयत रस्त्यात. नवीन ऑफिसच्या मुहूर्ताला हे ऐकून लोक कानाला हात लावतात, पण लक्षात राहतं. माझी बायको म्हणते, "म्हणूनच तुमचा धंदा वाढत नाही."

गिऱ्हाईकं काय एकेक भेटली! एका शेठने डबा देव्हाऱ्यात ठेवला होता, खाली निरांजन, वर पंख्याची जाळी काळी ठिक्कर. एक गोदामवाला रोज संध्याकाळी मेन स्विच खाली ओढून घरी जायचा आणि डबा सारखा आजारी का पडतो म्हणून माझ्याशी भांडायचा. पण भिवंडीचं खरं दुखणं वेगळं आहे. इथला कुठलाही डबा उघडा, पंख्यावर कापसाच्या रुईचा राखाडी थर असतो, गोधडीसारखा जाड. लूम शेजारी असो वा चार गल्ल्या सोडून, हवेतच ती असते. बुरूस आणि फुंकणी घेऊन मी ती काढतो, तो माझ्या कामाचा अर्धा भाग.

असाच एकदा मी डॉक्टर म्हात्र्यांच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये पंखा साफ करत बसलो होतो. शेजारी काशिनाथमामा उभे राहून बघत होते. मामा तिथले मदतनीस. पेशंटला मशीनपुढे उभं करायचं, "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणायचं, बाहेर नंबर लावायचे. मूळचे अंजूरचे, काशिनाथ भोईर. उभं आयुष्य लूमवर जॉबर होते, म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारा माणूस. कारखाना बंद पडला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. मी बुरसाने रुईचा गोळा काढून कागदावर ठेवला, तो मामांनी चिमटीत धरून बघितला.

"गायकवाड," ते म्हणाले, "ह्ये माज्या छातीत पन हाय. त्याला कुठला बुरूस लावता?"

मी हसलो. तेही हसले आणि हसता हसता खोकले. तो खोकला आम्हा सगळ्यांच्या सवयीचा होता. लूमवरच्या माणसाला खोकला नसेल तर आम्हाला संशय येतो.

म्हणून डॉक्टर दरवर्षी मामांचा एक्स-रे काढायचे. घरचाच माणूस, पैसे नाहीत, फिल्म छापायची नाही, रिपोर्ट लिहायचा नाही. मशीनपुढे उभं करायचं, पडद्यावर बघायचं, "ठीक आहे मामा, चला कामाला" म्हणायचं. चित्र जायचं माझ्या डब्यात, बाकी सगळ्या पेशंटांच्या चित्रांबरोबर.

त्या क्लिनिकमध्ये डबा मीच बसवला होता. आणि डबा म्हणजे सगळं नव्हे, हेही मीच घसा कोरडा करून सांगितलं होतं. चार डिस्क एकमेकींना सांभाळतात खऱ्या, पण आग लागली, पाणी शिरलं, चोराने डबाच उचलून नेला, तर चौघी एकदम जातात. म्हणून आणखी एक नक्कल, एका छोट्या वेगळ्या डिस्कवर, आणि ती वेगळ्या इमारतीत. डॉक्टर हूं हूं करत होते. मामांना मात्र चटकन कळलं.

"आमच्यात बियान्याचं भात आनि खायाचं भात एका कनगीत कदी ठेवत न्हाईत," ते म्हणाले. "बियानं भावाच्या घरात. आपल्या घराला आग लागली तरी पुडच्या वर्साला पेरायला हाय."

हे वाक्य मी सरळ उचललं आणि पुढे सगळ्या गिऱ्हाईकांना ऐकवत आलो. तिरडीपेक्षा ते केव्हाही बरं.

तर ठरलं असं की छोटी डिस्क राहील डॉक्टरांच्या घरी, शेलारला. दर शनिवारी मामांनी ती जेवणाच्या पिशवीत घालून आणायची, डब्याला लावायची, नक्कल उतरली की संध्याकाळी परत पोचवायची. मामांनी एक शनिवार चुकवला नाही. पिशवीत डिस्क फडक्यात गुंडाळलेली, वर डबा भाकरीचा, रिक्षात मांडीवर. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत एवढं नेटकं काम कोणाकडे होत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग दसरा आला.

दसऱ्याला माझा फोन बंद असतो. आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. पांढरे कपडे, विहारात वंदना, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. वर्षात तो एकच दिवस मी धंद्याला तोंड दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी फोन चालू केला तर डॉक्टरांच्या कॉलची रांग लागलेली.

क्लिनिकमध्ये पाऊल टाकलं तर दाराला तोरण, एक्स-रे मशीनला झेंडूचा हार, आणि कोपऱ्यात माझा डबा, न्हाऊन माखून बसवलेल्या नवरीसारखा. चारही डिस्कच्या तोंडावर हळद, कुंकू, वर अक्षता. हिरवे दिवे लुकलुकत होते. आत बघितलं तर रिकामा. कालपासूनचे दोन-चार एक्स-रे सोडले तर काही म्हणजे काही नाही.

"काय केलंत?" मी विचारलं.

मामांनीच सांगितलं, आणि अगदी सरळ सांगितलं, कारण आपण काही वावगं केलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दसऱ्याला यंत्राची पूजा करायची. लूमवर ती कशी करतात? माग पुसतात, तेल घालतात, आणि धोटे बाहेर काढतात. धोटा म्हणजे बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. ते धोटे धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग पुन्हा जागेवर. मामांनी जन्मभर तसंच केलेलं. या डब्यातल्या डिस्क खटका दाबला की धोट्यासारख्याच बाहेर सरकतात. त्यांनी चारही काढल्या, फडक्याने पुसल्या, पाटावर ओळीने मांडल्या.

"डबा बंद का नाही केला आधी?"

"डॉक्टर बोल्ले, पेशंट येतील, मशीन बंद करू नको. मंग न्हाय केली."

बंद करून काढल्या असत्या तर काही बिघडलं नसतं हो! पुन्हा घातल्या असत्या, डब्याला पत्ताही लागला नसता. पण चालू डब्यातून एकामागून एक चारही खांदे निघाले. डबा बोंबलायला लागला, पिक् पिक् पिक्. मामांना वाटलं आरतीला आवाज झालेला बराच.

पूजा चाललेली असताना गोदामातला एक हमाल आला, हात पेटीखाली चेंगरलेला, कोपरापासून खाली नुसतं रक्त. डॉक्टर धावले. एक्स-रे काढला तर डबा तो घेईना. मामांनी घाईघाईत डिस्क परत खुपसल्या. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. डॉक्टरांनी हो दाबलं. परत आला, पुन्हा हो. बाहेर तो हमाल गुरासारखा ओरडत होता, कोण वाचत बसतो? तिसऱ्या हो ला डब्याने चारही डिस्क नव्याने मांडून घेतल्या. जुनं होतं ते पुसून, कोऱ्या पाटीसारखं. हमालाचं चित्र मात्र निघालं, आणि त्या चित्रामुळे त्याचा हात वाचला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मीही हो दाबलं असतं.

"बरं, जाऊ द्या," मी म्हणालो. "शेलारची डिस्क आहे ना? ती आणा."

दोघंही खाली बघायला लागले. मामांनी खिडकीतून एक पुडकं उचलून माझ्या हातात दिलं. फडकं सोडलं तर तीच छोटी डिस्क. कपाळावर कुंकू. चिकट झालेली. आणि जळक्या रबराचा वास.

"ही इथे काय करते? शनिवार नव्हता काल!"

"दसरा व्हता," मामा म्हणाले. "मी मुद्दाम आनली घरून. सनाला घरचं मानूस बाहेर ठेवतात का? बाकीच्या चार पाटावर, आनि हीच बिचारी एकटी तिकडं?"

ती पाटावर पाचवी होती. नारळ फोडला तेव्हा पाणी उडालं ते हिच्याच अंगावर. मामांनी पुसली, पण पाणी फटीतून आत गेलेलं. डबा रिकामा दिसल्यावर डॉक्टरांना हिची आठवण झाली आणि त्यांनी ती तशीच ओली लावली. फट् झालं.

माझं डोकं फिरलं. मी तोंडाचा पट्टा सोडला. "मामा, बियाण्याच्या गोष्टी सांगता आणि सणाला बियाणं चुलीपुढे आणून ठेवता? कोणी सांगितली होती पूजा करायला?" असं बरंच काही. म्हातारा माणूस, भिंतीला टेकून उभा, हातातलं फडकं चुरगाळत. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "गायकवाड, पुरे. पेशंटकडे त्यांच्या त्यांच्या फिल्म आहेत. कुणाचं काही अडणार नाही. नव्याने सुरू करू."

खरंच होतं ते. बाहेरच्या प्रत्येक पेशंटला छापलेली फिल्म दिलेली होती. नव्याने सुरू केलं. मामांची फिल्म कधी छापलीच नव्हती, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. जळलेली डिस्क मी पिशवीत घालून घरी आणली आणि कपाटात टाकली. मेलेली डिस्क मी फेकत नाही, जुनी खोड आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला मामांच्या खोकल्यातून रक्त पडलं. क्षयाच्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात, अगदी खाली, एक डाग. सुई घालून तुकडा काढला, त्यातून नक्की काही कळलं नाही. तिथल्या सर्जननी एकच गोष्ट मागितली. जुना एक्स-रे आणा. हा डाग दोन वर्षांपूर्वीही असाच, एवढाच असेल तर हात लावायचं कारण नाही, जुना वण समजून सोडून देऊ. नवा असेल तर तो भाग कापून काढावा लागेल. आणि छाती रुईने अशी भरलेली, की कापण्यातच माणूस जाऊ शकतो.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"गायकवाड, मी लिहून देऊ का? डाग जुना आहे, मी दरवर्षी बघत होतो, असं?"

"बघत होतात ना?"

"बघत होतो."

"मग आठवतो का?"

"दिवसाला इतक्या छात्या बघतो. मामांची म्हणजे रुईने धुरकटलेली, एवढंच आठवतं. खाली काही होतं असं वाटतं. पण ते आत्ता हवंय म्हणून वाटतंय की खरंच होतं, कसं सांगू? आणि मी जुना म्हणून लिहिलं आणि कॅन्सर निघाला तर?"

त्यांनी लिहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी तिथून उठलो आणि घरी जाऊन कपाट उघडलं.

मुंबईत एक कारागीर आहे, मेलेल्या डिस्क उघडून त्यांच्यातलं जे निघेल ते काढतो. देवमाणूस, पण आश्वासन कधी देत नाही. जळलेला भाग बदलायला त्याने तशीच दुसरी डिस्क शोधायला सांगितलं. ती शोधायला मी किती दुकानं पालथी घातली, विचारू नका. धंद्यावर दुर्लक्ष झालं, बायकोची बोलणी खाल्ली. ज्या दिवशी त्याने फोन करून "थोडंफार आलंय" म्हटलं त्या दिवशी मी रस्त्यावर उभा राहून मोठ्याने ओरडलो, रिक्षावाले बघायला लागले.

मामांना मी माझ्या दुकानात बोलावून घेतलं. माझी चूकच झाली म्हणा, आधी एकट्याने उघडून बघायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला होता की थांबवेना. मामा वाळले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. सोबत सुमनमामी, त्यांची बायको, हातात वज्रेश्वरीहून आणलेला प्रसाद. मला चिमूटभर दिला, थोडा कॉम्प्युटरपुढे ठेवला.

फाइल सापडली. मामांचं नाव, शेवटच्या वर्षाचा एक्स-रे. मी उघडली. असली मोठी चित्रं वरून खाली, ओळीने उमटत येतात. आधी गळा दिसला, मग दोन्ही खांद्यांची हाडं. मग बरगड्या, एकेक. मामा खुर्चीत पुढे सरकले. आणखी दोन बरगड्या. आणि तिथे चित्र थांबलं. खाली सगळं राखाडी, सपाट.

मी पुन्हा उघडलं. पुन्हा तिथेच. दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडलं. तिथेच.

"एवडंच इनलंय व्हय?" मामा म्हणाले. "पुडं धागा तुटला."

डाग खाली होता. आमच्याकडे वरची अर्धी छाती होती. त्याच्या आधीच्या वर्षांच्या फाइलींची नुसती नावं आली होती, आत काही नव्हतं. सुमनमामींना पडद्यावरचं काही कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "दिसला का?" आणि मी फाइल पुन्हा एकदा उघडायला लागलो.

मामी पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा मामांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"गायकवाड, खरं सांगा. त्या दिशी मी त्या काडल्या नसत्या, हिला घरून आनली नसती, तर आज समजलं असतं ना?"

"नाही मामा," मी म्हणालो. "जुन्या झाल्या होत्या त्या डिस्क. आज ना उद्या जाणारच होत्या. तुम्ही हात लावला नसता तरी गेल्या असत्या."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तुमाला खोटं बोलता येत न्हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. जॉबरला कलतं, कुठली चीज कशानं गेली ते."

मला रडू कोसळलं. मी बुरूस शोधायचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जे बोललो होतो ते सगळं तिथे खाली वाकलेलं असताना आठवलं.

कापायचं मामांनीच ठरवलं. "रोज सकाली उटून इचार करायचा, आज वाडला का न्हाय वाडला, त्यापरीस एकदा काय ते व्हऊन जाऊ दे." त्यांना धोका समजावून सांगितला होता, त्यांना तो समजलाही होता. इस्पितळात जायच्या आदल्या शनिवारी ते क्लिनिकमध्ये आले, नवीन छोटी डिस्क पिशवीत घातली आणि शेलारला पोचवली. आम्ही नको नको म्हणत होतो. रिक्षात बसताना डिस्क मांडीवर घेतली, नेहमीसारखी.

ऑपरेशन पार पडलं. पण नंतर श्वासाच्या मशीनवरून ते उतरलेच नाहीत. उरलेल्या फुप्फुसाला माणूस ओढवेना. काही दिवस तसेच गेले, डोळे उघडायचे, ओळखायचे, बोलता यायचं नाही. एकदा मी गेलो तेव्हा मशीनवरच्या दिव्यांकडे त्यांनी बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो मामा, लुकलुकतंय. चांगलं आहे." ते काय विचारत होते देव जाणे.

अंजूरला माती होती. गावाच्या चारी बाजूंनी आता गोदामं आहेत, स्मशानाकडे जाताना कंटेनरच्या रांगेमधून तिरडी न्यावी लागली. मुलाने, पुतण्याने, डॉक्टरांनी खांदा दिला. चौथा म्हणून कोणीतरी मला खूण करून बोलावलं. इतकी वर्षं गिऱ्हाईकांना जे उदाहरण देत आलो, ते त्या दिवशी माझ्या खांद्यावर होतं. त्यानंतर मी ते उदाहरण कोणाला दिलेलं नाही.

कापलेल्या तुकड्याचा रिपोर्ट नंतर आला. डॉक्टरांनी मला फोन करून बोलावलं, कागद पुढे सरकवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. जुन्या क्षयाचा वण. कधीकाळी होऊन आपोआप भरून आलेला. कॅन्सर नाही, काही नाही. मामा तो छातीत घेऊन आणखी कितीतरी वर्षं खोकत राहिले असते.

"म्हणजे दिसत होता मला," डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "दरवर्षी दिसत असणार."

सुमनमामींना आम्ही काय सांगायचं, यावर आमचा बराच वाद झाला. डॉक्टर म्हणत होते, गाठ वाईट होती असं सांगू, तिला बरं वाटेल. मी म्हणालो, आता बास. डॉक्टर स्वतः अंजूरला जाऊन सांगून आले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्यांनी मला ते कधी सांगितलं नाही.

पुढच्या दसऱ्याला डॉक्टरांनी पूजा करायचीच नाही असं ठरवलं होतं. मी पहिल्यांदाच त्या दिवशी फोन चालू ठेवला होता. वंदना आटोपली आणि डॉक्टरांचा फोन आला, "ताबडतोब या." मी पांढऱ्या कपड्यातच स्कूटरला किक मारली. काय काय मनात आलं वाटेत, सांगत नाही.

दारात सुमनमामी उभ्या होत्या. हातात झेंडूचा हार आणि ताटात हळदकुंकू. डॉक्टर आत, कावरेबावरे.

"ह्ये दर वर्साला मशनीला हार घालायचे," मामी मला म्हणाल्या. "डॉक्टर न्हाय बोलतात. मशनीचा काय गुन्हा, तुमी सांगा."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मामी आत गेल्या, डब्यासमोर उभ्या राहिल्या. हात लावला नाही. बाहेरूनच एक बोट कुंकू लावलं. मग वळून विचारलं, "दुसरी कुटं असते आता?"

"माझ्या घरी," मी म्हणालो. मामा गेल्यापासून ती मीच नेत होतो, दर शनिवारी.

"आज आनली न्हाय ना हितं?"

"नाही मामी."

"आनू नका." त्यांनी हाराचा दोरा दातांनी तोडला, मधोमध. अर्धा डब्यावर ठेवला. अर्धा माझ्या हातात दिला, तुटलेल्या टोकाला स्वतः गाठ मारून. "ह्यो तिला. जिथं हाय तिथंच घाला."

माझ्या घरी असली पूजा होत नाही. तो अर्धा हार पांढऱ्या शर्टाच्या खिशात घालून मी घरी आलो, शर्टाला पिवळा डाग पडला. कपाट उघडलं, डिस्कवर हार ठेवला. बायकोने बघितलं आणि कपाटाचं दार लावलं.

त्या डिस्कमध्ये आता क्लिनिकचं सगळं नवीन आहेच. शिवाय एक फाइल मी माझ्या हाताने टाकली आहे, मामांची. गळा, खांदे, काही बरगड्या, खाली राखाडी. एक डब्यात आहे, एक माझ्या घरी. दर शनिवारी नक्कल उतरली की मी ती उघडून बघतो, आहे ना म्हणून. आता ती कोणाच्याही उपयोगाची नाही, पण ती जाणार नाही.